लेखिकेच्या टपालात तुझं पत्र

चिमणे,

तुझ्या लाडक्या लेखिकेला येणारी वाचकांची पत्रं प्रकाशकांच्या ऑफिसात मीच उघडते आणि तिच्या नावाने उत्तरंही मीच लिहिते, हे तुला कधी सांगितलं नाही. आज त्यात तुझं पत्र निघालं.

"तुमच्या पुस्तकातल्या मैत्रिणी मला माझ्याच वाटतात. शाळेत मी एकटीच डबा खाते. आईला सांगितलं नाही, ती आधीच दमलेली असते."

तुझं अक्षर बघून मी ते पुन्हा वाचलं. लेखिकेच्या नावाने उत्तर न लिहिता ते पर्समध्ये ठेवलं.

संध्याकाळी विचारलं, "शाळेत सगळं ठीक ना गं?"

"हो."

पत्र वाचल्याचं सांगायला जीभ रेटली नाही, पण तुझ्याशेजारून उठलेही नाही. शेवटी तू म्हणालीस, "आई, एक सांगू?"

तू स्वतःहूनच सगळं सांगितलंस, म्हणून मी लिहिलेलं हे पत्र तुला देणार नाही.

तुझी,
आई