किरकोळ दुरुस्ती

११ नोव्हेंबर २०२४

झालं! एकदाचं कम्पाइल झालं! सकाळी सतरा एरर, दुपारी चार, आणि पाच वाजता एकही नाही. 'आर' या आकडेमोडीच्या कम्प्युटर भाषेत जे गणित चाळीस मिनिटं रेंगाळायचं ते आता चार सेकंदांत. माझ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे पॅकेजचा, जड भाग तेवढा सी प्लस प्लस या वेगवान भाषेत लिहिला, म्हणून. शिवगंगा म्हणाली, "आता त्या पॅकेजला सासरी पाठवा, वर्षभर घरात बसलंय." बायको लई हसवते.

डॉ. रुचिका मॅडमना फोन केला. रक्तवाढीच्या गोळ्यांचा अभ्यास त्यांचा, आकडेमोड माझी. पॅकेजच्या चाचणीला त्यांनी एकच गाव दिलं — युसूफ वडगाव. साठ गरोदर बायका, तीन महिने गोळ्या, प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आधी आणि नंतर मोजलेलं. मोजणाऱ्या वनमालाताई, तिथल्या आशा स्वयंसेविका.

१३ नोव्हेंबर

निकाल विचित्र. एकीचं सहावरून बारा, दुसरीचं तेरावरून आठ! मॅडम म्हणाल्या, "असं होतच नाही." मी टेबल नीट बघितलं आणि सापडलं — पहिल्या मोजणीचे आकडे ओळीनं चढत गेलेत. सहा, सहा पॉइंट एक, सहा पॉइंट चार... साठच्या साठ! बायका काय हिमोग्लोबिन बघून रांगेत उभ्या राहिल्या होत्या? घरी बसून भरलंय बाईनं.

१४ नोव्हेंबर

वनमालाताईंना अंबाजोगाईला बोलावून घेतलं. मॅडमही होत्या, पण बोललो मीच. "ताई, खोटं तरी जरा नीट लिहायचं. कम्प्युटरनं पकडलं." त्या म्हणाल्या, "सर, माजी वही बघा की. एकेकीच्या घरी गेलते मी." पिशवीतून वही काढत होत्या. मी म्हणालो, वहीही घरी बसून लिहिता येते. मोजायचं मशीनही जमा करून घेतलं.

त्या गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या पॅकेजनं चोर पकडला!" मला बरं वाटलं.

२० नोव्हेंबर

दुसऱ्या गावाची फाइल आली. गाव दुसरं, आशाताई दुसऱ्या. पॅकेज चालवलं — आकडे चढते!

मूळ फाइल उघडली. तिच्यात आकडे कसेही, वरखाली. पॅकेजमधून बाहेर आले की चढते. मग वडगावची उघडली. तिथंही तेच.

मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, काढायचा तर आकडे चढत्या क्रमानं लावावे लागतात. 'आर'मध्ये फंक्शनला आकड्यांची यादी दिली की त्याच्या हाती जाते ती झेरॉक्स. तिचं काही करा, मूळ कागद शाबूत. सी प्लस प्लसला मी मूळ कागदच दिला होता. त्यानं पहिल्या मोजणीचे आकडे जागच्या जागी लावले, आणि एकीचा आकडा दुसरीच्या नावापुढं गेला. बारा वर्षं पोरांना शिकवतोय — निकाल विचित्र आला की आधी मूळ डेटा बघा. मी बघितला नाही. बाई वही पुढं करत होती तरी बघितली नाही!

२१ नोव्हेंबर

सांगायला पाहिजे.

२२ नोव्हेंबर

नाही सांगितलं. दुरुस्ती केली. एक ओळ! आधी नक्कल करा, मग क्रम लावा. नव्या आवृत्तीच्या नोंदीत काय लिहिलं मी? 'किरकोळ दुरुस्ती.' थू! शिवगंगा विचारते, जेवत कावून नाही. काय सांगू तिला? एका बाईला खोटारडी ठरवून आलोय.

२५ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं. "अहो, होतं असं. वनमालाला निरोप देऊ, सवडीनं." मी मान हलवली. बरं झालं, आपल्याला जावं लागणार नाही — खरंच हेच आलं मनात. लाज वाटते स्वतःची.

२७ नोव्हेंबर

अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितोय.

सकाळी मशीन घेऊन वडगावला गेलतो. ताई, चूक माझी, तुमचे सगळे आकडे बरोबर होते — एका दमात बोलून टाकलं. वाटलं, शिव्या देतील. त्यांचा चेहराच पांढरा पडला. "म्हंजी करिष्माचं दुसऱ्या बारीचं साडेपाच खरं हाय?" करिष्माला आठवा महिना. तो आकडा बघून तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं त्यांनी. "पर तुमी म्हणले, कम्प्युटरनं पकडलं. मला वाटलं, माजंच मशीन बिघडलं आसंल. ऱ्हाऊ दिलं."

तसेच तिच्या घरी गेलो. पुन्हा मोजलं. चार पॉइंट एक. तशीच तिला इथं आणली. तिला द्यायला रक्त शोधतायत.