भेटायला गेलेला उजेड

५ फेब्रु., माले
आक्का, गुडघा काय म्हणतोय? बरा. जावयाचा खोकला? गेला. गाय? खाती. "आन् तुजं रं?" माझं काय. बरंच म्हणायचं.
काल बायकोचं, मालतीचं, तेरावं झालं. आज येईल त्याची तब्येत विचारत बसलो. रडू येत नाही. हातपाय चालतात, एवढंच. थोरली बहीण म्हणून आक्का राहिली आहे. आमची लेक मंजू परवा परत जाणार, तिच्या त्या बर्फाच्या गावातल्या प्रयोगशाळेत.

६ फेब्रु.
घर फार गप्प होतं म्हणून मंजूला म्हटलं, तुझं काम तरी सांग. पंपाच्या मोटारी वाइंड करण्यात जन्म गेला, तांब्याची तार नि चुंबक तेवढं कळतं. तिचा स्फटिक निराळाच. धड धातू नाही, धड काच नाही, अर्धवाहक. त्यात मँगनीज मुरवलेलं, प्रत्येक अणू इवलासा चुंबक. खूप गार करून बाहेरून मोठा चुंबक लावला, की ते बहुतेक एका तोंडाने उभे राहतात आणि इलेक्ट्रॉनची फिरकी त्यांच्या धाकात येते.
आक्का : "फिरकी? कुनाची घेतीस गं?"
मंजू हसली. आईसारखीच, आधी नाकातून. "इलेक्ट्रॉनची गं, आत्या."
भोवऱ्यासारखा तो फिरत नाही म्हणे, नाव तेवढं पडलंय. दिसत तर नाहीच. म्हणून लेसरचा एकरंगी उजेड आत सोडायचा. बराचसा जसा गेला तसा परत. थोडा मात्र फिरकी उलटवतो, त्यात त्याची ऊर्जा खर्च होते, नि बाहेर येतो तो किंचित तांबडा होऊन. किती तांबडा, ते मोजलं की आतलं कळतं.
म्हटलं, "म्हंजे दुखवट्याच्या घरी भेटायला गेलेला माणूस. परत आला की तोंडावरनं कळतं, तितं कसं हाय."


७ फेब्रु.
मंजू गेली. तिकडे आणखी राहा म्हणतायत, इकडे पुण्यातही जागा निघालीये. काय ठरवलं ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.
पाया पडली, बॅग उचलली, उंबऱ्यात थांबली. तोंड उघडलं नि मिटलं. गाडी पौडकडे निघून गेली.
आक्का : "बरुबर केलं पोरीनं. असल्या घरातनं जाताना 'येते' म्हनू न्हाई."
"मग काय म्हनायचं?"
"काय न्हाई. गप जायाचं."
ही रीत पोरीला मालतीनेच शिकवलेली.

९ फेब्रु.
"पोचले." एवढाच मेसेज.
एक मोटार आलीये वाइंडिंगला. किती फेरे टाकले विसरलो. सगळी तार उलगडली. पुन्हा सुरू. पुन्हा विसरलो.
पोरीने रीत पाळली, की यायचंच नाही म्हणून 'येते' म्हणाली नाही...
आक्काला विचारलं. "मला काय इचारतुयास? तिला इचार की, मुखदुर्बळा!"

१२ फेब्रु.
मंजू, स्वतःपुरती लिहिलेली ही पानं. फोटो काढून तुला पाठवतोय, तोंडाने विचारणं जमत नाही. आक्काचा गुडघा बरा. गाय बरी. तू इथून गेलीस ती कुठल्या रंगाची होऊन, ते मला मोजता येत नाही.
दुखवट्याचं घर हे, बाळ. तुझी तिकडची खोली नव्हे. तिथून म्हणायला कसली आडकाठी नाही. यायचं असेल तर 'येते' लिही. नसेल तर 'नाही' लिही. पण लौकर लिही.