माझ्या सुरीवर त्याचा डोळा

अदार ३
आज पुन्हा! पहाटे तो लिथुआनियाचा फाइवेल माझ्या शेडमधून बाहेर पडताना दिसला. माझ्या सुऱ्या तिथंच असतात. “काय गेत्सलकाका, लवकर उठलात!” म्हणे. काका! स्वतः चाळिशीचा घोडा, मी कसला त्याचा काका?

अठरा वर्षं आमच्या धर्मगुरूंच्या, रेबींच्या, आणि सगळ्या गावाच्या जेवणासाठी कोंबडं मीच कापतोय. हा हिवाळ्यात आला आणि थेट त्यांच्या शेजारी जाऊन बसला! तिकडचे लोक आमच्या रेबींना पाखंडी म्हणतात, आमच्या पातळ सुऱ्यांना नावं ठेवतात. मग हा इथं कशाला? त्यालाही कापायचं शिक्षण आहे म्हणे. आता बोला!

अदार ५
प्रार्थनेनंतर रेबींनी खांद्यावर हात ठेवला. “गेत्सल, दमलास का रे?”
अठरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. कुणीतरी कान भरलेत. कुणी, ते सांगायला नको.

अदार ११
रात्री सुरीची मूठ भिंतीकडे ठेवली होती. सकाळी दाराकडे!
पात्याला केसाएवढी खाच पडली तरी ते मांस कोशर नाही, धर्माला चालत नाही. सगळं गाव बाटेल. आणि नाव कुणाचं जाईल? माझं! मग रेबींना तोंड कसं दाखवू? पात्यावर बारा वेळा नख फिरवलं. गुळगुळीत. देवाची कृपा.

अदार १२
ब्लूमाला सांगितलं. बायको, पण बाजू त्याची! “तापातून उठल्यापासून तुम्हाला जिथं तिथं चोर दिसतात. काल तापलेलं पातेलं उघड्या बोटांनी उचललंत, मी ओरडले तेव्हा ठेवलंत!”
हिला काय कळतंय?

अदार १७
सापडला! उजाडायच्या आत लाकडांमागे दबा धरून बसलो होतो. आला, सुरी उचलली, सहाणेवर ठेवणार तोच कॉलर धरली. “चोरा! कुणी पाठवलं तुला?”
त्यानं हातसुद्धा झटकला नाही. तसाच ओढत रेबींकडे नेला. रेबी प्रार्थनेच्या शालीतच होते. सुरी ठेवून घेतली. म्हणाले, “आज काही कापू नका. उद्या दोघंही या.”
उद्या हाकलतात त्याला! ब्लूमाकडून बार्लीची पेज दोनदा मागून घेतली.

अदार १८
रेबींनी सुरी पुढे केली. “नख फिरव.” फिरवलं. गुळगुळीत.
फाइवेलनं फिरवलं. त्याचं नख मध्येच खाचेत अडलं. रेबींचंही तिथंच अडलं. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा पुन्हा. मला काही लागेना.
“दोन महिने रोज पहाटे हाच तुझी सुरी घासतोय,” रेबी म्हणाले. “मीच सांगितलं होतं. तुझ्या तोंडावर बोलायचा मला धीर झाला नाही, गेत्सल.”
माझे रेबी माझ्यापुढे मान खाली घालून बसले होते. ते बघवेना. सुरी मीच उचलून फाइवेलच्या हातात दिली.