कडीजवळचा तुकडा

मी, या सोने-चांदी तपासणी केंद्राची मालकीण, सत्तरीला टेकलेली, उद्या सकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात दाखल होणार असल्यामुळे आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिला आहे. लिहिताना आपल्यावर कोणाचे दडपण नाही, असे म्हणायची रीत आहे. मी खोटे लिहिणार नाही. दडपण आहे, ते माझ्या जावयाचे आहे, आणि मी त्याला भीक घातलेली नाही. यापूर्वी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या यजमानांनी हयातीतच आमच्या एकुलत्या एका मुलीच्या नावावर केले आहे. त्यात मला बोलायला जागा नाही. फक्त जिन्याखालची ओल आधी काढावी, मग रंग लावावा. यजमानांनी नेहमी उलटे केले. बँकेतल्या ठेवींतून दवाखान्याचा खर्च भागल्यावर जे उरेल, ते केंद्रातल्या कामगारांना सारखे वाटून द्यावे.

२. माझे थोरले दीर. यजमान गेल्यावर मी केंद्र चालवायला घेतले, तेव्हा बाईमाणसाने भट्टीसमोर उभे राहू नये, असे त्यांनी चारचौघांत सुनावले होते. मी उभी राहिले. माझा भट्टीवरचा चामडी अ‍ॅप्रन त्यांना द्यावा. त्यांना तो मोठा होईल, पण राहू द्या.

३. माझा कसोटीचा दगड भट्टी सांभाळणाऱ्या मामांना द्यावा. ते नात्याने कोणाचे मामा नाहीत, सगळ्यांचे आहेत. तपासणीचे यंत्र आल्यावर आम्ही दोघांनी जाहीरपणे दगड सोडून दिला आणि गुपचूप वापरत राहिलो. एकमेकांची चोरी आम्हाला ठाऊक होती.

४. आता तिजोरीतल्या साखळ्या. हे कलम नीट वाचावे. यातली हकीकत ज्याला मान्य नसेल, त्याने या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नये.

माझा जावई सराफ आहे. त्याच्या दुकानातून सोन्याच्या साखळ्यांचा एक गठ्ठा शुद्धतेच्या शिक्क्यासाठी आला. यंत्र फक्त वरचा थर बघते, म्हणून आम्ही प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका दागिन्याचा बारीक तुकडा कापून भट्टीत टाकतो. हीण निघून जाते आणि सोने तेवढे उरते. कायद्याने तुकडा कुठूनही कापता येतो. आमच्या केंद्रात मात्र तो साखळीच्या कडीजवळूनच कापायची पद्धत आहे. कडी मानेमागे जाते, तापवून डाग देऊन पुन्हा सांधले की कळतही नाही. ज्या बाईने हौसेने दागिना घेतला, तिने तो आरशात बघताना आमची कात्री दिसू नये, एवढाच हेतू.

परवा माझा हात थरथरला. कात्री घसरली आणि तुकडा साखळीच्या मधला निघाला. मी स्वतःवरच चिडले आणि तोच भट्टीत टाकला. त्यात सोने निम्म्याहूनही कमी निघाले. मामांना वाटले, वजन चुकले. त्यांनी पुन्हा करून पाहिले, तेच आले. मग कडीजवळचा तुकडा कापला, तो चोख निघाला. मग आम्ही गठ्ठ्यातली एकेक साखळी कापली. सगळ्यांच्या कड्या खऱ्या, आणि पुढचा सगळा भाग हिणकस, वरून जाड मुलामा. यंत्र फसले ते त्या मुलाम्याने. आणि आम्ही कुठून कापतो, हे ज्याला माहीत आहे त्यानेच या कड्या घडवून घेतल्या आहेत. मामा आणि मी सोडून ते कोणाला माहीत असेल, याचा मी विचार केला. माझी मुलगी लग्नापूर्वी इथेच काम करत होती.

गठ्ठा नापास केल्याचा अहवाल मी सही करून माझ्या वकीलबाईंच्या हाती दिला आहे. मी जगो वा न जगो, उद्या शिक्क्याचे परवाने देणारी सरकारी कचेरी उघडताच त्यांनी तो तिथे पोचवावा. जावयाचे दुकान बंद होईल, तुरुंगही होऊ शकतो. मुलीचा संसार त्याच दुकानावर चालतो, हे मला कळते. आज दुपारी जावई स्वतः इथे आला, चहा घेतला, आवाजही चढवला नाही. जाताना म्हणाला, "आई, उद्या तुम्ही टेबलावर असाल. तिजोरीची चावी तेव्हा कोणाकडे असेल, त्याचा विचार करा." तो गेल्यावर मी ती चावीही वकीलबाईंकडे दिली.

५. हे केंद्र, भट्टी, यंत्रे आणि परवाना माझ्या पश्चात मुलीला मिळावा. अट एकच, शिक्का मारायच्या लेसर यंत्राला जावयाचा हात लागता कामा नये. काही कारणाने हे कलम लागू झाले नाही, तर केंद्र मामांना मिळावे.

६. हे कलम संध्याकाळी वाढवले आहे. मुलगी आली. मी तिला वरचा सगळा मजकूर वाचायला दिला. कलम चारपाशी ती थांबली. तू सांगितलेस का, असे मी सरळ विचारले.

"सांगितलं," ती म्हणाली. "लग्न नवीन होतं तेव्हा. माझी आई दागिन्याला किती जपून कापते, ते मी त्यांना सांगत होते. तुझं कौतुकच करत होते गं."

मी तिला पाणी दिले. साखळ्यांबद्दल तिला काही माहीत नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून मला दिसले, आणि मी आयुष्यभर पारख करूनच पोट भरले आहे.

सह्यांसाठी वकीलबाई आल्या होत्या, पहिल्या साक्षीला डॉक्टर होते, आणि दुसऱ्या साक्षीला वकीलबाईंचे कारकून बाहेर बसले होते. त्यांना बोलवायच्या आत मुलीने पेन घेतले. वकीलबाईंनी तिचा हात धरला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही, सही केलीत तर कलम पाच तुमच्यापुरते संपले आणि केंद्र मामांना गेले, असे त्यांनी तिला दोनदा समजावले. मीही म्हटले, घाई करू नकोस, केंद्र तुझे आहे.

ती म्हणाली, "केंद्र माझ्याकडे आलं की ते शिक्क्याच्या यंत्राची चावी मागतील. मला त्यांना नाही म्हणता येत नाही, आई. अजून येत नाही."

मला तिचा राग आला, आणि मी तिला जवळ घेतले. मी तिला बेदखल केलेले नाही, हे उद्या कोणी विचारले तर सांगावे. कलम पाच मी खोडलेले नाही आणि खोडणार नाही.

स्थळ: तपासणी केंद्र, भट्टीमागची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, संध्याकाळ.

मृत्युपत्र करणारी: (सही. हात थरथरला आहे, सही माझीच आहे.)

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. (सही)

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणारीची मुलगी. कलम चार वाचले, मान्य आहे. कलम पाचही वाचले. (सही)