मालकिणीच्या खजुरी

अब्बा, तुम्ही त्या खजुरी कापल्यात तेव्हा मी शाळेत होते आणि त्यानंतर कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आम्ही शहरात, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये, तुम्ही अल ऐनजवळच्या शेतावर सुपरवायझर. मालक वारले होते. म्हातारी मालकीण शेतावरच राहायची, मुलगे अबू धाबीत. सरकार तिथल्या शेतकऱ्यांचा खजूर बाजारापेक्षा चढ्या भावानं घ्यायचं, पण जात बघून. मालकांनी तरुणपणी लावलेल्या खजुरी गावठी, त्यांच्या फळाला जेमतेम भाव. खलास नावाच्या जातीला मात्र भरपूर. "आता सगळं खलास करायचंय," असं तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा अम्मीला वाटलं, नोकरीच गेली.

तीही गेलीच असती. सरकारचे पैसे असेच कमी येत राहिले तर शेत बंद करू, असं मुलांनी सांगून टाकलं होतं. मग तुमचा व्हिसा, माझी शाळा, शेतावरच्या पेशावरकडच्या मजुरांची घरं, सगळंच अडचणीत. नवी रोपं सरकार निम्म्या किमतीत देत होतं. फक्त जमीन मोकळी हवी होती.

त्या शुक्रवारी अम्मी आणि मी शेतावर आलेलो. मालकीण स्वतः कहवा ओततेय. तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत तिला सगळं समजावताय. ती झाडांकडे बघत म्हणते, "ये उसने लगाया. उसका हाथ का है."

तुम्हीही एकदा झाडांकडे बघता. मग म्हणता, "हां अम्मा. लेकिन इतने लोगों का घर भी इसी से चलता है."

ती कप खाली ठेवते. "खलास. फिर तू काट. दूसरा आदमी नहीं."

मजुरांना बाजूला करून तुम्ही स्वतः करवत घेतलीत. ती खुर्ची टाकून उन्हात बसली, शेवटचं झाड पडेपर्यंत आत गेली नाही. परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "You killed her trees." तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "झाडं तिची, दुःखही तिचं. तू त्यात आपला राग कशाला घालतेस?" एवढं लागणारं तुम्ही मला कधीच बोलला नव्हतात.

रोपं जगली. काही वर्षांनी फळ आलं, भाव मिळाला, शेत चालू राहिलं. तुमचे गुडघे जाईपर्यंत तुम्ही तिथंच होतात. पहिलं फळ खाऊन मालकीण म्हणाली, "मीठा है. मगर मेरा वाला नहीं." हे तुम्ही घरी येऊन हसत सांगितलंत, आणि मग स्वयंपाकघरात नळ सोडून नुसतेच उभे राहिलात. अम्मीनं मला आत जाऊ दिलं नाही. तुमचा हिशेब बरोबर होता, हे मला तेव्हाच पटलेलं. तो बरोबर असूनही तुम्हाला इतका जड गेला होता, हे कळायला मात्र माझी निम्मी नोकरी संपावी लागली.

हे कुठं पोस्ट करायचं नाहीये, म्हणून सांगते. जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या ऑफिसात रमजान आला की सगळे मला खजूर निवडायला सुपरमार्केटमध्ये नेतात. शेतावरच्या माणसाची मुलगी ना! मी दोन-चार दाणे दाबून बघते, एक वास घेते आणि मोठ्या रुबाबात एका खोक्याकडे बोट दाखवते. अब्बा, मला त्यातलं काहीएक कळत नाही.