वाळूची पोती नव्हे, अर्जदार

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रदर्शन अधिकारी,
उद्योग-गाथा प्रदर्शन समिती,
जळगाव जामोद, जि. बुलढाणा

विषय : ‘सागरकवच’ कंपनीच्या इतिहास-फलकावरील ‘वाळूची पोती’ हे शब्द काढून तेथे अर्जदाराचे नाव लिहिण्याबाबत.

संदर्भ : प्रदर्शनातील फलक क्र. ७, ओळ तिसरी.

महोदय,

अर्जदार गोविंदा तुळशीराम ढगे, वय ५४, धंदा फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनविणे, आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की :

१. जहाजांवरच्या जीवरक्षक होड्या व लाइफ जॅकेट बनविणारी ही कंपनी शेख शकूर यांची आहे, याबद्दल वाद नाही. परंतु तिची पहिली होडी सन २०११ मध्ये अर्जदाराच्या शेडमध्ये, अर्जदाराच्याच टाकीच्या साच्यावर घडली. शकूर तेव्हा अर्जदाराकडे कारागीर होते. फलकावर ‘पहिली चाचणी वरवट बकाल येथील शेततळ्यात वाळूची पोती ठेवून घेण्यात आली’ असे नमूद आहे. सदर पोती म्हणजे अर्जदार होय.

२. त्या दिवशी पोती मिळालीच नाहीत. अर्जदाराचे वजन ब्याण्णव किलो, आणि पोहता येत नाही. शकूर म्हणाले, “गोविंदाभाऊ, तुमी बसा. तुमी बुडले त मले ही होडी नाही पाह्यजे.” अर्जदार गजानन महाराजांचे नाव घेऊन बसला. तळ्याच्या मध्यावर सांध्यातून पाणी आत येऊ लागले. अर्जदाराने डोक्याचा रुमाल तेथे कोंबला व चाचणी संपेपर्यंत पाऊण तास टाचेने दाबून धरला. काठावर येताच शकूर यांनी अर्धी भागीदारी देऊ केली. अर्जदार तेव्हा ओला रुमाल पिळत होता. “बुलडाण्यात समुद्र कुठी हाये बे? कोन घेईन तुही होडी?” असे बोलून अर्जदाराने नकार दिला. ही चूक अर्जदारास मान्य आहे. तिच्याबाबत हा अर्ज नाही.

३. आज त्या होड्या कोकणातल्या बंदरांवर जातात. अर्जदाराच्या टाक्या प्लॅस्टिकच्या टाक्यांपुढे विकेनाशा झाल्या. अर्जदाराची पत्नी सिंधूताई त्याच कंपनीत जॅकेट शिवते व रोज घरी येऊन सांगते, “शकूरभाऊ आज आमच्यासंगच जेवाले बसले. माह्या हातची भाजी मांगून खाल्ली.” तीच भाजी पुढ्यात असते, पण अर्जदार ती बाजूला सारून लोणच्याशी भाकर खातो.

४. आठ दिवस मनातल्या मनात भांडण घोकून अर्जदार दि. ३ रोजी कंपनीत गेला. शकूर यांनी फलकाचा मजकूर ऐकून कपाळावर हात मारला. “हे आमच्या पोरानं, तौसिफनं लिवलं. पोराले काय मालूम? मीच सांगतलं नाही. चूक माही हाये, भाऊ,” असे म्हणून त्यांनी अर्जदारास स्वतःच्या खुर्चीत बसविले व उभ्या-उभ्या पत्र लिहून दिले. घोकलेल्यापैकी एकही वाक्य कामी आले नाही. अर्जदारास त्याचाच जास्त त्रास झाला.

सबब, अर्जदाराचे नाव शकूर यांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. शकूर यांचे पत्र समितीच्या नियमाप्रमाणे जोडले आहे. त्यात ‘गोविंदाभाऊ बसले नसते, तर ही कंपनीच झाली नसती’ असे लिहिले आहे. मजकूर खरा आहे. तरी सदर पत्र फलकाशेजारी लावू नये, ही कळकळीची विनंती. लोक ते वाचतील, आणि पुन्हा शकूरचेच कौतुक करतील.

दुरुस्तीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
गोविंदा तुळशीराम ढगे

सोबत : १) फलकाचा फोटो
२) शेख शकूर यांचे पत्र (केवळ कार्यालयीन वापरासाठी)