सातव्या खुंटीची एक मात्रा

सोलापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९७४

तीर्थस्वरूप दाजींच्या पायी धाकट्या मेहुण्याचा, महिपतीचा, नमस्कार. गुडघा कसा आहे? आक्काने मागच्या कार्डात लिहिलं होतं की तुम्ही जिना चढताना आर्या म्हणता आणि उतरताना डॉक्टरला शिव्या देता. त्यावरून उतार पडतो आहे असं मी धरून चाललो आहे. अकलूजला कारखान्याचा भोंगा सुरू झाला असेल. इथे सगळं ठीक. (ठीक नाही, पण पत्राच्या पहिल्या परिच्छेदात ठीकच लिहायचं असतं, हे तुमच्याच शाळेत शिकलो.)

मास्तरकी संपल्यावर मला गिरणीत घेतलं ते केवळ अक्षरावर, हे तुम्हाला ठाऊक आहे. सूतखात्यातली हवा ओलसर ठेवणारं एक मोठं यंत्र आहे. त्याच्या बोर्डावर चोवीस खुंट्या, आणि कोणती खुंटी कोणत्या आकड्यावर ठेवायची ते ठरलेलं. सोलापूरची हवा तुम्ही जाणता, धोतर वाळत घालून हात खाली येईपर्यंत वाळलेलं असतं. तसल्या हवेत सूत तटातट तुटतं. म्हणून ते आकडे तीन वह्यांत लिहून ठेवायचे. एक यंत्राजवळ, एक इंजिनिअर साहेबांकडे, एक ऑफिसच्या लोखंडी कपाटात. एक जळाली तर दुसरी आहे, दुसरी हरवली तर तिसरी. दर शनिवारी मी तिन्ही वह्या एका टेबलावर उघडायच्या, आकड्याला आकडा ताडून पाहायचा आणि खाली सही ठोकायची. चार वर्षांत एकदाही फरक निघाला नाही. (वह्या एकमेकींशी ताडायच्या होत्या. खुंटीकडे पाहा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही आपण होऊन गेलो नाही. तिथे आवाज फार.)

पण कागदाचा काय भरवसा? आपल्या लहानपणी पाढे काय, नद्या काय, सगळं चालीवर पाठ होतं, आणि ते अजून एकाही वाळवीने खाल्लेलं नाही. म्हणून श्रावणात मी त्या चोवीस खुंट्या पद्यात बसवल्या. सातव्या खुंटीशी जरा अडलं होतं, तेही सुटलं:

सातवि खुंटी ठेवा सत्तर,
हवेत शिंपा जैसे अत्तर.

(‘सातवी’चा ‘वी’ ऱ्हस्व केला आहे, कवीला तेवढी मुभा असते.) साहेब इतके खूश झाले की त्यांनी ती कविता काचेच्या चौकटीत घालून बोर्डाशेजारी टांगली. उभ्या जन्मात माझी कविता काचेखाली गेली ती ही एकच, आणि तीही यंत्राच्या कौतुकाची. दाजी, मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्यावरून उगाच एक चक्कर मारत असे. (खुंट्या तिथेच होत्या. तरीही पाहिल्या नाहीत.)

मग खंडेनवमी आली. यंत्रांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. बोर्ड रॉकेलने पुसायचा म्हणून सगळ्या खुंट्या शून्यावर आणल्या. जुन्या वह्यांवर गेल्या वर्षीचं तेल आणि हळद होती, तेव्हा सणाच्या निमित्ताने मी तिन्ही वह्या नव्याने लिहून काढल्या आणि जुन्या रद्दीत दिल्या. लिहिताना समोर जुनी वही उघडी होती खरी, पण चाल डोक्यात घोळत होती आणि हात चालीमागे गेला. अक्षर काय उतरलं म्हणून सांगू! आपल्या वर्गात पोरं कित्ता गिरवायची तेव्हा पाहिलंय ना तुम्ही? वरची ओळ गुरुजींची, खालच्या दहा मुलाच्या. पण पोरगं गुरुजींच्या ओळीकडे एकदाच पाहतं. मग आपल्याच मागच्या ओळीवरून पुढची काढत जातं. पहिल्या ओळीत काना राहिला की दहाव्या ओळीपर्यंत तो राहिलेलाच, फक्त अक्षर जास्त वळणदार. तीस वर्षं मी त्यासाठी पोरांच्या हातावर छड्या मारल्या.

त्या यंत्रावर शरणप्पा म्हणून गडी आहे, दुधनीकडचा. सणाला तो गावी गेला होता. सुपरवायझर हिंदुरावांनी वहीत पाहून खुंट्या लावल्या, आणि दोन दिवस सूत असं तुटलं की बायका गाठी मारून रडकुंडीला आल्या. तिसऱ्या दिवशी शरणप्पा आला. वही उघडली नाही, चौकटीकडे पाहिलं नाही. नुसतं ओठावर जीभ फिरवून हवा चाखली आणि सातवी खुंटी बहात्तरवर नेली. सूत तुटायचं थांबलं. दोन अंशांनी काय होतं असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो, तर शरणप्पा म्हणाला, “गुर्जी, तुमी लिवलंय म्हंजी झ्याकच आसंल की. पर सुताला वाचाया येत न्हाय.”

शनिवारी हिंदुरावांनी खुंटी पाहिली (चार वर्षांत वहीशी खुंटी ताडणारा पहिला माणूस, आणि त्याला हाच शनिवार सापडला). वह्यांत सत्तर, चौकटीत सत्तर, खुंटी बहात्तरवर. म्हणजे खुंटीत ढवळाढवळ झाली, म्हणजे आधीचं सूतही ह्यानेच, गावी जाण्याआधी यंत्रात काही करून ठेवून, तोडलं. “चार ठिकाणी लिवलंय आन् तू एकटा शाना व्हय रे?” असं त्याला सगळ्यांदेखत विचारून हातात आरोपपत्र दिलं. येत्या सोमवारी नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी चौकशी, आणि बहुतेक घरी पाठवणी. दुधनीला त्याची जमीन म्हणजे दोन झाडांच्या सावलीएवढी.

मी त्याच दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, मूळ आकडा बहात्तर. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “गुरुजी, तुमचं मन फार मोठं.” मी पुन्हा सांगितलं, तर त्यांनी चहा मागवला आणि तिन्ही वह्या माझ्यापुढे उघडल्या. एकसारख्या! खाडाखोड नाही, डाग नाही. अशा अक्षरात चूक असू शकते यावर गिरणीत कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नसता. असो. कालमानाप्रमाणे चालायचंच. आक्काला नमस्कार. दिवाळीला पाडव्यापर्यंत येतो.

तुमचा,
महिपती

ता. क. – श्रावणात मी ती कविता तुमच्याकडे तपासायला धाडली होती. त्या कागदावर ‘सातवि खुंटी ठेवा बहात्तर’ असं आहे, आणि एक मात्रा जास्त होते म्हणून तुम्ही ‘बहात्तर’वर लाल पेन्सिल मारून मला तसं कार्ड टाकलं होतं. तो कागद, टपालाच्या शिक्क्याचा लिफाफा धरून, रजिस्टर पोस्टाने लगेच पाठवावा. माझी सगळी बिघडलेली कविता तुम्ही जपून ठेवता हे आक्का सांगते. सध्या खरा आकडा जगात त्या एकाच कागदावर आहे. मिळाला तर माझी नोकरी जाईल बहुधा, चौकट तर नक्कीच उतरेल. हरकत नाही.

आणखी एक – टपालाचं सांगता येत नाही, म्हणून धाडण्याआधी कागदाची एक नक्कल तिकडे ठेवावी. मात्र ती तुम्ही करू नये. तुमच्या हातून मात्रा सुधारल्याशिवाय राहायची नाही. आक्काला करायला सांगा. ती चौथी शिकली आहे आणि कवितेचा कान तिला अजिबात नाही. या कामाला तसंच माणूस हवं.